कर्र वाजली म्हणजे खरी? कोल्हापुरी चपलेच्या ‘सात खुणा’ तपासून पाहू

कोल्हापूरला निघालेल्या माणसाच्या फोनवर अंबाबाईच्या आरतीच्या वेळांआधी एक ढकलपत्र पोचतं: ‘कोल्हापुरात फसू नका! खरी कोल्हापुरी ओळखायच्या सात खुणा’. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो. चालताना कर्र कर्र वाजली तरच खरी. जीआयचा (भौगोलिक निर्देशनाचा) शिक्का किंवा क्यूआर कोड नसेल तर नकली. अथणी-निपाणीकडची म्हणजे कर्नाटकी, खरी नव्हे. काडीने जाळून पाहा, केस जळल्यासारखा वास आला की पास. खिळा दिसला की नापास. देवळाजवळ घेऊ नका, घेतलीच तर निम्म्या किमतीला मागा. आणि घरी आल्यावर रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

यातल्या दोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, बाकीच्या चुकीच्या, आणि शेवटची तर घेतलेली चांगली चप्पल वाया घालवणारी. मुळात ‘खरी की खोटी’ हा प्रश्नच अपुरा आहे. तळ कशाचा आहे, कातडं कशावर कमावलंय आणि पट्टा तळात कसा बसवलाय, एवढं पाहायला शिकलं की सातही खुणांची गरज उरत नाही. तरी एकेक घेऊ.

“कर्र कर्र वाजली तरच खरी”

हा आवाज कोल्हापुरीचा जन्मजात गुण नव्हे, तो मुद्दाम घातलेला असतो. तळाच्या दोन थरांमध्ये ‘विंचू’ म्हणतात ते वाळलेलं बी ठेवून तळ शिवतात. पाऊल पडलं की ते थरांमध्ये घासतं आणि चप्पल बोलू लागते. गल्लीत शिरण्याआधी वर्दी पोचवायची हौस असलेला गडी अशी चप्पल सांगून करून घेतो. बाकीच्या चपला गप्प असतात आणि तितक्याच कोल्हापुरी असतात.

उलट, विंचू न घालताही चप्पल करकरत असेल तर जरा सावध व्हा. नव्या कोरड्या कातड्याचे थर एकमेकांवर घासून थोडा आवाज येतो आणि काही दिवसांत बसतो. पण नुसत्या सोल्युशनवर चिकटवलेला तळ सुटायला लागला की तोही असाच कुरकुरतो. वाजणारी हवीच असेल तर तसं सांगून घ्या, आणि घेण्याआधी विचार करा: आवाज नको झाला तर तळ उसवल्याशिवाय तो काढता येत नाही.

“जीआयचा शिक्का नसेल तर नकली”

जीआय हा वस्तूवर मारायचा शिक्का नव्हे, तो नावावरचा कायदेशीर हक्क आहे. १९९९च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकार या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर नोंदलेलं आहे. प्रत्येक कारागिराला त्या नोंदीचा अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पिढ्यानपिढ्या चपला शिवणाऱ्या घराने तो अर्ज केला नसेल तर त्याच्या हातची चप्पल रातोरात नकली होत नाही.

क्यूआर कोडचं तसंच. लिडकॉमने जुलै २०२५मध्ये क्यूआर कोडची लेबलं आणली. स्कॅन केल्यावर कारागिराचं किंवा युनिटचं नाव, गाव, जिल्हा, साहित्य, करण्याची पद्धत अशी माहिती दिसते. लेबल असेल तर जरूर स्कॅन करा, आणि दुकानदाराने तोंडी सांगितलेलं गाव स्क्रीनवरच्या गावाशी जुळतं का पाहा. स्कॅन केल्यावर दुकानाचं इन्स्टाग्राम किंवा पैसे भरायचं पान उघडलं तर तो हा क्यूआर नव्हे. आणि लेबल नसेल तर त्यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही. चप्पल हातात घेऊनच ठरवावं लागतं.

“अथणी-निपाणीची म्हणजे कर्नाटकी, खरी नव्हे”

हा दावा सर्वांत जास्त अन्यायाचा. जीआयच्या नोंदीत आठ जिल्हे आहेत: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी, निपाणी, मदभावी ही गावं बेळगाव जिल्ह्यातली. तिथे शिवलेली चप्पल कायद्यानेही कोल्हापुरीच.

इतिहासानेही. बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होते. बागलकोट तर १९९७मध्ये विजापुरातून वेगळा झाला. कारागिरांच्या सोयरिकी, कातड्याचे आठवडी बाजार आणि चपलांची ये-जा राज्यांच्या सीमेआधीपासूनची आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी या धंद्याला बळ दिलं, शहराचं नाव चपलेला चिकटलं आणि बाजारपेठ इथे वाढली. पण शिवणारे हात पंचगंगेपासून कृष्णेपलीकडपर्यंत पसरलेले होते आणि आहेत. कोल्हापुरातल्या चप्पल लाइन या बाजारातल्या दुकानदाराने ‘हा माल अथणीचा’ असं सांगितलं तर तो प्रामाणिक माणूस समजा.

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये जून २०२५ला कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला झळकल्या, कोल्हापुरीचं नाव न घेतल्यावरून वाद पेटला, आणि अखेर डिसेंबर २०२५मध्ये प्राडाने करार केला तोही लिडकॉम आणि लिडकार या दोघांशी. युरोपातल्या कंपनीला जे मान्य झालं ते आपल्या ढकलपत्राला अजून मान्य नाही.

संशय घ्यायचाच असेल तर तो आठ जिल्ह्यांबाहेरच्या कारखान्यातल्या मालाचा घ्या. ‘कोल्हापुरी स्टाइल’, ‘कोल्हापुरी पॅटर्न’ असे शब्द बिलावर किंवा डब्यावर असतील तर दुकानदाराने स्वतःच उत्तर दिलेलं असतं. बिलावर ‘कोल्हापुरी चप्पल, लेदर’ असं लिहून मागा. टाळाटाळ झाली तर समजायचं ते समजा.

“काडीने जाळून पाहा”

आधी साधी गोष्ट: दुसऱ्याच्या दुकानातल्या, न घेतलेल्या चपलेला काडी लावायची नसते. पण समजा दुकानदाराने कातडीचा तुकडा दिला. तरी ही चाचणी काय सांगते?

कातडं हे प्रथिन आहे, म्हणून जळताना केस-नखं जळल्यासारखा वास येतो आणि त्याचा कोळसा होऊन चुरा होतो. रेक्झिन वितळतं, थेंब धरतं, प्लॅस्टिकचा वास मारतं. इथवर बरोबर. पण क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं कातडंही केसासारखाच वास देतं, आणि कोल्हापुरीत ते नको असतं. दुसरं म्हणजे लेदर बोर्ड. कातडकामात उरलेल्या बारीक चुऱ्यात चिकटद्रव्य घालून दाबलेला हा पुठ्ठा. त्यात कातडं असतंच, त्यामुळे जाळण्याच्या परीक्षेत तो दिमाखात पास होतो आणि पहिल्या पावसात लगदा होतो. तळाच्या मधल्या थरात स्वस्त भरणी म्हणून तो सर्रास सापडतो. तिसरं, चांगल्या कातड्यावरही वरून रंगाचा किंवा चकाकीचा पातळ थर असला तर तो आधी वितळतो आणि चांगला माल नापास होतो. म्हणजे ही चाचणी दोन्हीकडून फसते.

पाण्याच्या थेंबाची परीक्षाही अशीच. झाडाच्या सालीवर कमावलेलं उघडं कातडं थेंब पिऊन काळवंडतं हे खरं, पण तेल दिलेल्या चपलेवर थेंब घरंगळतो, आणि पिणाऱ्या कातड्यावर डाग कायमचा राहतो.

त्यापेक्षा चप्पल उलटी करा आणि तळाची कड पाहा. दोन मिनिटं लागतात आणि कशाचंही नुकसान होत नाही.

पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावतात. आधी चुन्याच्या पाण्यात टाकून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवून त्यात साल आणि अर्क भरून टांगायची. अर्क झिरपत आतपर्यंत पोचायला आठवडे जातात. क्रोमचं काम ड्रममध्ये साधारण दिवसभरात उरकतं. या फरकाचा पुरावा कापलेल्या कडेत राहतो: सालीवर कमावलेल्या कातड्याची कड पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत तपकिरी असते, क्रोमच्या कातड्याच्या गाभ्यात निळसर-करडी रेघ दिसते. कडेत कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. कड दाणेदार, भुसभुशीत, नखाने कुरतडली जाणारी असेल तर लेदर बोर्ड. आणि सगळी कड गडद रंगाने जाड रंगवून टाकली असेल तर त्याच प्रकारची न रंगवलेली जोडी दाखवायला सांगा. रंगवणं हा गुन्हा नाही, पण झाकायला काय होतं ते कळलेलं बरं.

तळ बहुतेक म्हशीच्या जाड कातड्याचा असतो, कारण तो सर्वांत जास्त झिजतो. पट्टे, वेणी आणि गोंडे पातळ, मऊ कातड्याचे, बरेचदा शेळीचे. सगळी चप्पल एकाच जाडीची आणि एकाच पोताची दिसली तर प्रश्न विचारा.

मग तळ दोन्ही हातांत धरून हलका वाकवा, घडी घालू नका. थरांमध्ये फट उघडते का? पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या आल्या तर कातडं. पापुद्रा तडकला तर वरचा थर नकली. स्पंजासारखं उसळून आलं तर आत फोम.

सर्वांत महत्त्वाची जागा शेवटी. कोल्हापुरी क्वचितच तळाला मोडते. ती तुटते अंगठ्यापाशी आणि कानापाशी. कान म्हणजे दोन्ही बाजूंनी वर येणारे ते फाटे, ज्यांत पट्टा अडकतो. कान तळाच्या दोन थरांमध्ये आत शिरलेला आणि टाक्यांत पकडलेला हवा. वरच्या थरावर नुसता चिकटवलेला असेल तर चालताना पडणारा सगळा ताण सोल्युशनवर येतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर सोल्युशन मऊ पडतं. अंगठ्याचा वेढा दुपदरी आहे का, त्याची आतली कड रापीने (चांभाराच्या सुरीने) तासून गोल केली आहे का, हे बोट फिरवून पाहा. कड बोटाला बोचली तर पायाला दहापट बोचेल.

रंगासाठी पांढरा रुमाल किंचित ओला करून पट्ट्याच्या आतल्या बाजूला घासा. फिकट तपकिरी छटा आली तर ती सालीची, चालायचंच. लाल किंवा काळा रंग भरभरून उतरला तर घामाने तो पायावर आणि पायजम्यावर उतरणार.

“खिळा दिसला की नकली”

अर्धं खरं. जुन्या पद्धतीत तळ आणि टाच चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा नाही आणि नायलॉनचा दोराही नाही. वादीचे टाके चपटे आणि लांबीला थोडे कमीजास्त असतात, आरीने भोक पाडून एकेक ओढलेले. यंत्राचे टाके बारीक आणि एकमेकांच्या नकला.

पण आज चांगल्या कारागिराच्या चपलेतही टाचेच्या थरांना एखाद-दुसरा बारीक खिळा दिसतो. तिथे तो फक्त जास्तीचा आधार असतो, आणि टाच झिजली की डोकं वर काढून फरशी ओरबाडतो. तेवढ्यासाठी जोडी परत ठेवायची गरज नाही. कानाच्या किंवा अंगठ्याच्या जोडावर खिळा दिसला तर मात्र घेऊ नका, कारण तिथे तो टाक्याची जागा घेऊन बसलेला असतो. आणि उलटंही लक्षात ठेवा: क्रोमच्या कातड्याची, एकही खिळा नसलेली, सुबक शिवलेली चप्पलही बाजारात मिळते. खिळा नसणं हा पुरावा नव्हे.

रबराच्या तळाबद्दलही असाच गैरसमज आहे. कातडी तळाखाली पातळ रबर लावून घेणं ही शहरी फरशांवरची सोय आहे, घसरणं कमी होतं आणि झीज लांबते. कातडी तळाच्या जागीच रबर असेल तर ती वेगळी वस्तू, तिची किंमतही वेगळी असायला हवी.

“देवळाजवळ घेऊ नका, निम्म्या किमतीला मागा”

अंबाबाईच्या देवळापासून चप्पल लाइन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे चांगली दुकानंही आहेत आणि रद्दड मालाचीही, कधीकधी शेजारीशेजारी. जागेवरून माल ओळखता येत नाही. सुभाषनगरात कारागिरांची घरं आणि कामाच्या जागा आहेत. तिथे जाऊन मापाची करून घेता येते, पण लगेच हातात मिळेल असं धरून चालू नका. एकच सूचना: रिक्षावाल्याने ‘चांगल्या दुकानात नेतो’ म्हटलं तर त्याचं कमिशन तुमच्याच बिलातून जाणार. पायी जा.

निम्म्या किमतीचा मंत्र मात्र सरळ वाईट आहे. पर्यटक निम्मी मागणार हे ठाऊक असलेला दुकानदार सांगतानाच दुप्पट सांगतो, आणि ज्याने रास्त भाव सांगितला तो गिऱ्हाईक गमावतो. मग त्याला परवडण्यासाठी तळातला एक थर कमी होतो किंवा मधे लेदर बोर्ड येतो. नाहीतर नगावर मजुरी घेणाऱ्याचे दोन पैसे कापले जातात. वेणी विणणं, भोकं पाडणं, गोंडे बांधणं ही कामं बरेचदा घरातल्या बायका करतात आणि पहिली कात्री तिथेच लागते. कच्चा मालही स्वस्त राहिलेला नाही. २०१५पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि ते कातडं बाजारातून गेलं. कमावलेलं बरंचसं कातडं आता चेन्नईसारख्या लांबच्या ठिकाणांहून येतं.

अडीचशे-तीनशेत हाताने शिवलेली, सालीच्या कातड्याची, अनेक थरांची चप्पल बसूच शकत नाही. त्या किमतीला मिळते ती रेक्झिन किंवा बोर्डाची. दोन महिने घालायची असेल तर खुशाल घ्या, फक्त काय घेतोय ते कळून घ्या. घासाघीस करायचीच तर निम्म्यावर जाण्याऐवजी दोन जोड्या शेजारी ठेवून ‘हिच्यात आणि हिच्यात फरक कशाचा?’ असं विचारा. थर, कातडं, वेणीचं काम असं उत्तर आलं तर किंमत समजते. ‘ही व्हीआयपी क्वालिटी’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात चला. सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आहे, तेव्हा पक्क्या बिलाने किंमत फार फुगते हे कारण ऐकून घेऊ नका.

मापाबद्दल ढकलपत्र अवाक्षर काढत नाही, आणि जास्तीत जास्त जोड्या घरी पडून राहतात त्या मापापायीच. दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा. लांबीला टाचेमागे तळाची बारीक कड दिसली पाहिजे. पट्टा पावलावर घट्ट बसायला हवा, कारण तो वापरात सैलावतो. आज आरामात बसणारा पट्टा महिन्याभरात लोंबेल. तळाची रुंदी मात्र वाढत नाही. करंगळी बाहेर लोंबत असेल तर मोठं माप घेण्यापेक्षा रुंद तळाचा प्रकार मागा.

“रात्रभर तेलात बुडवून ठेवा”

नवी कोल्हापुरी चावते हे खरं, आणि तेलाने ती मऊ पडते हेही खरं. म्हणून बुडवायची, हे मात्र तहान लागली म्हणून विहिरीत उडी मारण्यासारखं झालं. बुडवलेल्या चपलेत तेल तळाच्या थरांत शिरतं. कातड्याचे तंतू गरजेपेक्षा सैल होतात, टाक्यांची भोकं रुंदावतात, कान ढिले पडून बाहेर झुकतात, जोडांची चिकट सुटते. वर धूळ बसून काळा चिखल होतो. आत गेलेलं जास्तीचं तेल बाहेर काढायचा उपाय नाही.

एका जोडीला अर्धा चमचा तेल पुरतं. एरंडेल सर्वांत बरं; घट्ट असतं, लवकर खवट होत नाही. खोबरेल चालतं, पण थंडीत गोठून पांढरट डाग दिसतात, ते कापडाने पुसले की जातात. स्वयंपाकाचं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते पुढे चिकट होतं आणि वास मारतं. सुती चिंधीवर थोडं थोडं घेऊन अंगठ्याच्या वेढ्याला आतून, पट्ट्याला आतून आणि कानाच्या वळणाला लावा. रंग थोडा गडद होणार, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. सावलीत सात-आठ तास ठेवा, उरलेलं पुसून टाका. तळाच्या खालच्या बाजूला तेल लावू नका, फरशीवर घसराल.

मग पहिले चार-पाच दिवस घरातच, रोज अर्धा-पाऊण तास. एवढं करूनही एकाच जागी चावत राहिली तर ती कडेची चूक आहे, कातड्याची नव्हे. चांभाराकडून ती कड रापीने तासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा तेलाचा हात पुरे.

पाण्यात भिजवण्याचा सल्लाही याच ढकलपत्राच्या एका आवृत्तीत फिरतो. भिजलेला सालीचा तळ फुगतो आणि वाळताना आक्रसून होडीसारखा वर वळतो. म्हणून पावसाळ्यात ही चप्पल बाहेर काढायचीच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर जागी ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, तिथे बुरशी येते. तरी कधी वळवाने गाठलंच तर चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि कागद तळाशी लावून, वर सपाट वजन ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा. कागद ओला झाला की बदला. उन्हात, गिझरवर किंवा हेअर ड्रायरखाली धरली की कातडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर तेलाचा पातळ हात द्या, आणि घालण्याआधी अंगठ्याचे टाके बोटाने ओढून पाहा. सुटलेला एखादा टाका त्याच दिवशी घालून घेतला तर जोडी वाचते.